सप्टेंबरच्या मूरवर गटाने चालताना: आखणीपासून परतीपर्यंत

ब्रिटनमध्ये झाडे नसलेल्या, वाऱ्याला उघड्या पडलेल्या उंच माळाला मूर म्हणतात. त्यावर हेदरची गुडघाभर झुडपे आणि मळकट पिवळ्या गवताचे ठोंब असतात, आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्याखाली पीट असते, म्हणजे हजारो वर्षे पाण्यात अर्धवट कुजत साचलेल्या वनस्पतींचा काळा, स्पंजासारखा थर. डार्टमूर, एक्समूर, नॉर्थ यॉर्क मूर्स, पेनाइन डोंगररांग आणि पीक डिस्ट्रिक्टचा उत्तर भाग ही इंग्लंडमधली नावाजलेली मूरक्षेत्रे आहेत. त्यांची उंची फारशी नाही. डार्टमूरवरचे सर्वांत उंच ठिकाण हाय विलहेज ६२१ मीटर आहे आणि पीक डिस्ट्रिक्टमधले किंडर स्काउट ६३६ मीटर. कागदावर पाहिले तर ही चाल कोणालाही जमेल अशी वाटते. प्रत्यक्षात मूर अवघड होतो तो त्याच्या सपाटीमुळे. शिखरावर उभे राहिले की खाली कोणती दरी आहे ते दिसते. मूरवर चारही बाजूंना सारखेच हेदर दिसते आणि जमीन नेमकी कोणत्या बाजूला उतरते आहे हेही पायांना कळत नाही.

ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ अशा चालीसाठी मला सर्वांत योग्य वाटतो. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत हेदरचा जांभळा बहर टिकून असतो, त्यानंतर ब्रॅकन नावाचे नेचे तांबूस पडू लागते आणि रोवनच्या झाडांवर लाल फळांचे घोस दिसतात. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची वीण आटोपलेली असल्यामुळे दहा-बारा माणसांच्या वर्दळीने त्यांचे नुकसान होण्याची भीतीही कमी असते. मात्र याच दिवसांत संध्याकाळ झपाट्याने अलीकडे सरकते, शरदातली पहिली वादळे येतात आणि सकाळी स्वच्छ असलेला माळ दुपारी धुक्यात जातो. गटाच्या चालीची सगळी आखणी या दोन बाजू लक्षात ठेवून करावी लागते.

पुढचे सगळे वाचण्याआधी एक प्रसंग सांगतो, कारण या लेखातले बहुतेक नियम त्यातून आलेले आहेत. काही वर्षांपूर्वी आम्ही चौदा जण किंडरच्या पठारावर होतो. तिथल्या पीटमध्ये पाण्याने खोदलेल्या घळी आहेत, पुरुषभर किंवा त्याहून खोल, आणि त्या एकमेकींना फुटत, वळत जातात. एका घळीत उतरताना आमच्यातले एक काका बुटात गेलेला खडा काढायला खाली बसले. त्यांच्या पुढचा माणूस वळणाआड गेला आणि मागे कोणी नव्हतेच. दोन घळी ओलांडून वर आल्यावर मी मोजले, तेव्हा तेरा भरले. आम्ही शिट्टी वाजवली, त्यांनीही वाजवली, पण पीटच्या भिंतींमुळे आवाज कोणत्या बाजूने येतो आहे तेच कळेना. वीस मिनिटांनी ते सापडले, ते अगदी जिथे बसले होते तिथेच. "काका, हलला कसे नाहीत?" असे विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, "तुम्हीच सांगितलं होतंत ना, कोणी दिसेनासं झालं तर आहे तिथेच बसायचं म्हणून." त्या दिवशी हवा स्वच्छ होती आणि वाट मला पाठ होती. तरीही गटातला एक माणूस दिसेनासा व्हायला अर्धे मिनिट पुरले होते. वाट शोधण्याचे कौशल्य महत्त्वाचे आहेच, पण गटाच्या चालीत पहिल्या आणि शेवटच्या माणसातले अंतर सांभाळणे त्याहून महत्त्वाचे आहे, आणि त्याची तयारी घरी नकाशा उघडण्यापासून सुरू होते.

जागा आणि हक्क

इंग्लंड आणि वेल्समध्ये मूरवर मोकळेपणाने फिरण्याचा हक्क २००० सालच्या कंट्रीसाइड अँड राइट्स ऑफ वे कायद्याने दिला आहे. नकाशावर नोंदलेल्या मोकळ्या भूभागात, म्हणजे डोंगर, मूर, हीथ (झुडपांचे सखल माळ) आणि डाउन (गवताळ, उघड्या टेकड्या) या प्रकारच्या जमिनींवर आणि नोंदणीकृत सामायिक जमिनींवर, पायवाट सोडूनही चालता येते. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या एक्सप्लोरर नकाशांवर हा भाग फिकट पिवळ्या रंगात दाखवलेला असतो. हा हक्क सहज मिळालेला नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउटवर शेकडो लोकांनी मुद्दाम मनाई मोडून सामूहिक प्रवेश केला आणि त्याबद्दल पाच जणांना तुरुंगवास झाला, हे त्या पठारावर पाय ठेवताना माहीत असलेले बरे. हक्क चालण्याचा आहे. तंबू ठोकणे, सायकल चालवणे किंवा शेकोटी पेटवणे त्यात येत नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ चा वेगळा कायदा लागू असून तो बराच उदार आहे.

हक्क असला तरी तो प्रत्येक दिवशी सारखा नसतो. जमीनमालकाला वर्षातून २८ दिवसांपर्यंत प्रवेश बंद ठेवता येतो, आणि अशा बंदीची माहिती नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेच्या नकाशावर आधी पाहता येते. शरदात यामागचे कारण बहुधा ग्राउस पक्ष्यांची शिकार हे असते. तिचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होऊन १० डिसेंबरला संपतो. इंग्लंडमध्ये रविवारी ही शिकार कायद्यानेच बंद आहे, त्यामुळे नियमित चालीसाठी रविवार ठरवला की निम्मा घोळ आपोआप मिटतो. ग्राउसच्या मूरवर कुत्र्यांना मनाई असू शकते, म्हणून कोणी कुत्रा आणणार असेल तर ते आधीच विचारून घ्यावे. डार्टमूरच्या उत्तर भागात लष्कराची गोळीबाराची क्षेत्रे आहेत. तिथे सराव असेल त्या दिवशी टेकड्यांवर लाल झेंडे लावतात आणि सरावाच्या वेळा आधीच जाहीर होतात. वाट त्या हद्दीतून जात असेल तर आदल्या दिवशी वेळापत्रक पाहिल्याशिवाय गटाला बोलावूच नये.

हंगामाची आखणी

एकच चाल आखण्यापेक्षा पूर्ण हंगामाच्या चार-पाच चाली एकत्र आखाव्यात. आम्ही दर दुसऱ्या रविवारी जातो. पहिली चाल मुद्दाम लहान, आठ-नऊ किलोमीटरची आणि बहुतांशी पायवाटेने ठेवतो, म्हणजे कोणाचे बूट चावतात, कोणाचा दम कमी पडतो आणि कोण बोलता बोलता पुढे निघून जातो हे कळते. लांब चाल सप्टेंबरच्या मध्याला घ्यावी, कारण तेव्हा अंगाला सवय झालेली असते आणि दिवसही पुरेसा असतो. ऑक्टोबरमधल्या चाली पुन्हा आखडत्या घ्याव्यात. उत्तर इंग्लंडमध्ये १ सप्टेंबरला सूर्य आठच्या आसपास मावळतो, महिनाअखेरीस पावणेसातच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या मध्याला सव्वासहाच्या सुमारास. पंधरा दिवसांत अर्ध्या तासाहून जास्त उजेड जातो, आणि मागच्या वेळी वेळेत पोहोचलो होतो या भरवशावर निघालेला गट इथेच फसतो.

वेळेचा हिशेब करण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला नियम अजूनही उपयोगी पडतो. ताशी पाच किलोमीटर धरावे आणि प्रत्येक १०० मीटर चढाला दहा मिनिटे मिळवावीत. समजा वाट १४ किलोमीटरची आणि एकूण चढ ४०० मीटरचा आहे. अंतराचे २ तास ४८ मिनिटे आणि चढाचे ४० मिनिटे मिळून साडेतीन तासांच्या जवळ येतात. हा हिशेब एकट्या, धडधाकट माणसाचा आणि बऱ्या वाटेचा आहे. बारा जणांचा गट फाटकापाशी थांबतो, कपडे चढवतो-उतरवतो, ओढ्यावर एकेक करून पलीकडे जातो. म्हणून मी त्यात एक तृतीयांश वाढवतो, आणि जेवणाचा व लहान थांब्यांचा मिळून एक तास वेगळा धरतो. म्हणजे साधारण पावणेसहा तास झाले. पायवाट सोडून हेदरमधून किंवा गवताच्या ठोंबांमधून जायचे असेल तर तेवढ्या टप्प्यासाठी वेग सरळ निम्मा धरावा. सकाळी दहाला निघून पावणेचारला खाली येणारी ही चाल सप्टेंबरअखेरीसही तीन तासांची शिल्लक ठेवते. ती शिल्लक जास्त वाटली तरी खर्च करू नये.

आखलेल्या वाटेवर दोन गोष्टी पेन्सिलीने लिहून ठेवाव्यात. पहिली म्हणजे माघारीची वेळ: अमुक ओढा दीड वाजेपर्यंत गाठला नाही तर पुढे न जाता परत फिरायचे. दुसरी म्हणजे सुटकेच्या वाटा, म्हणजे मध्येच कोणाला खाली न्यावे लागले तर सर्वांत जवळच्या रस्त्यावर उतरणारी पायवाट कोणती. मूर ओलांडून पलीकडे उतरणारी चाल आकर्षक असते, पण नव्या गटासाठी जिथून निघालो तिथेच परत येणारी वाट बरी, कारण गाड्यांचा घोळ राहत नाही. रेल्वेने जाता येत असेल तर मात्र आडवी चालही सोयीची होते. मँचेस्टर आणि शेफील्ड यांच्यामधले एडेल स्थानक यासाठीच गटांच्या आवडीचे आहे, कारण स्थानकातून निघाल्यावर थोड्याच वेळात किंडरचा चढ सुरू होतो.

चालीच्या आधीच्या पंधरा दिवसांत ती वाट दोघांनी स्वतः चालून पाहावी. नकाशावर ठळक दिसणारी पायवाट उन्हाळाभरात ब्रॅकनखाली गडप झालेली असू शकते, आणि लहान दिसणारा ओढा दोन दिवसांच्या पावसानंतर ओलांडण्याजोगा राहत नाही. या पाहणीत जेवणाची आडोशाची जागा, गट मोजण्यासाठी थांबायच्या जागा आणि शेवटचे स्वच्छतागृह या तिन्हींची नोंद करावी. स्वच्छतागृहाची बाब लोक संकोचाने विचारत नाहीत, पण झाडच नसलेल्या माळावर तिचे उत्तर वाटाड्यापाशी असायला हवे.

कोणाला बोलवावे आणि काय सांगावे

मूरवर एका वाटाड्यामागे दहा ते बारा माणसे पुरेत. जास्त नावे आली तर दोन गट करून वेगवेगळ्या वेळी सोडावेत. वीस जणांची रांग धुक्यात एका नजरेत मावत नाही. निरोपात अंतर आणि चढ यांच्याबरोबर जमिनीचेही वर्णन द्यावे, कारण "१४ किलोमीटर, मध्यम" या शब्दांतून घोट्यापर्यंतच्या काळ्या चिखलाची कल्पना येत नाही. प्रत्येकाकडून घरच्या एका माणसाचा फोन क्रमांक आणि दमा, मधुमेह, हृदयविकार किंवा ॲलर्जी असल्यास त्याची माहिती घ्यावी. सर्वांसमोर न विचारता खासगीत विचारली तर लोक ती खरी सांगतात. नव्याने येणाऱ्याशी फोनवर दोन मिनिटे बोलणे हे कोणत्याही अर्जापेक्षा उपयोगी ठरते.

कपड्यांबद्दल थोडक्यात. जीन्स आणि सुती कपडे नकोत, कारण ते भिजले की वाऱ्यात अंगातली ऊब काढून घेतात. घाम बाहेर टाकणारा आतला थर, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा थर आणि सर्वांवर वॉटरप्रूफ जाकीट व पँट, असे असावे. टोपी आणि हातमोजे सप्टेंबरमध्येही पाठपिशवीत हवेत. वाहनतळ २०० मीटरवर आणि पठार ६०० मीटरवर असेल तर नुसत्या उंचीमुळेच वर अडीच अंशांच्या आसपास थंडी जास्त असते, वारा वेगळाच. बूट घोट्याला धरणारे असावेत आणि पीटवर गेटर, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंत चढवायचे आवरण, फार कामाचे. प्रत्येकाजवळ हेडटॉर्च, शिट्टी, पाणी आणि ठरलेल्या जेवणाखेरीज एक वेळचे जास्तीचे खाणे असावे. गटासाठी मिळून प्रथमोपचाराची पेटी आणि ग्रुप शेल्टर घ्यावे. हे शेल्टर म्हणजे बिनखांबी तंबूसारखे मोठे कापड असते. सगळ्यांनी ते डोक्यावरून ओढून गोलात बसायचे, आणि माणसांच्याच उबेने आतली हवा पाच मिनिटांत बदलते. पावसात जेवायलाही ते उत्तम, म्हणून ते पाठीवर वाहायला कोणी कुरकुर करत नाही.

हवामान आणि रद्द करण्याचा अधिकार

अंदाज पाहताना गावाचा अंदाज पाहू नये. डोंगराळ भागांसाठीचा वेगळा अंदाज मिळत असेल तिथे तोच पाहावा, आणि त्यात पावसाआधी दोन गोष्टी शोधाव्यात: उंचीवरचा वारा आणि ढगांचा तळ. ढगांचा तळ ४०० मीटरवर असेल आणि वाट ६०० मीटरवरून जात असेल, तर खाली पाऊस नसला तरी दिवस धुक्यातच जाणार. वाऱ्याचे झटके ताशी ६५ किलोमीटरच्या पुढे जाणार असतील तर उघड्या पठारावर चालणे कष्टाचे होते आणि एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही. अशा दिवशी आम्ही दरीतली पर्यायी वाट घेतो. निर्णय आदल्या संध्याकाळी ठरावीक वेळेला एकाच माणसाने घ्यावा आणि सर्वांना कळवावा. सकाळी वाहनतळावर सर्वांनी मिळून चर्चा केली तर, दोन तास गाडी चालवून आलेल्या लोकांमुळे, उत्तर नेहमी "जाऊन तर पाहू" असेच येते.

निघताना

निघण्याआधी गोल करून उभे राहावे, मोजावे आणि तो आकडा मोठ्याने सांगावा. त्यानंतर पिछाडीचा माणूस सर्वांना दाखवावा. पिछाडीला सर्वांत कमकुवत माणूस नसावा. तिथे वाट माहीत असलेला, सोशिक आणि शिट्टी व दुसरा नकाशा जवळ असलेला माणूस हवा. त्याच्या मागे कोणीही राहायचे नाही, मग कारण बुटाची नाडी असो, छायाचित्र असो किंवा नैसर्गिक विधी. कोणाला थांबायचे झाले की त्याने पिछाडीच्या माणसाला सांगायचे, त्याने थांबायचे आणि शिट्टी किंवा निरोप देऊन पुढच्यांना थांबवायचे. आमच्या त्या चौदा जणांच्या चालीत पिछाडीचा माणूस ठरवलेलाच नव्हता, कारण सगळे ओळखीचे होते.

वेग पुढच्याने ठरवायचा नसून मागून येणाऱ्या श्वासांच्या आवाजावरून ठरवायचा असतो. चढावर हळू चालणाऱ्यांना वाटाड्याच्या लगेच मागे ठेवावे. तिथे त्यांची दमछाक कमी होते आणि रांग ताणली जात नाही. थांब्यावर शेवटचा माणूस पोहोचल्यापासून वेळ मोजावा. पुढचे लोक दहा मिनिटे बसून, मागचे येताच उठून चालू लागले तर ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज असते त्यालाच ती मिळत नाही, आणि हे प्रत्येक थांब्यावर घडत राहिले की तिसऱ्या तासाला त्याचे पाय अडखळू लागतात. वाट फुटते ती जागा, फाटक, ओढा आणि दगडी गडगा ओलांडण्याची जागा अशा प्रत्येक ठिकाणी सर्व येईपर्यंत थांबून मोजावे. फाटक ज्या स्थितीत सापडले त्याच स्थितीत शेवटच्याने ठेवावे. गडग्यावर चढून उड्या मारू नयेत, कारण तो चुन्याशिवाय नुसते दगड रचून बांधलेला असतो आणि एक दगड निखळला की पुढच्या हिवाळ्यात तेवढा भाग ढासळतो.

जमीन वाचणे

मूरवरची वनस्पती पाहून पायाखाली काय आहे ते बरेचसे ओळखता येते, आणि हे गटातल्या सर्वांना पहिल्याच चालीत दाखवावे. हेदर असते तिथली जमीन बहुधा त्यातल्या त्यात कोरडी आणि टणक असते, पण चालताना पाय अडकतात. पांढऱ्या कापसाचे झुपके वाऱ्यावर हलताना दिसले की ते कॉटनग्रास असून खाली ओले पीट आहे असे समजावे. शरदात कापूस गळून गेला तरी त्याची लालसर पडलेली पाती ओळखू येतात. गडद हिरव्या, सुयांसारख्या रश गवताच्या पट्ट्या पाणी झिरपण्याच्या जागा दाखवतात. सर्वांत फसवा असतो तो लुसलुशीत, चमकदार हिरवा किंवा लालसर गालिचा. तो स्फॅग्नम शेवाळाचा असतो, जे आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवते, आणि त्यावर पाय ठेवला की मांडीपर्यंत आत जाता येते. अशा जागेला वळसा घालावा. वळसा घालणे शक्य नसेल तर काठीने खोली पाहत, ठोंबांच्या मुळाशी पाय टाकत, एकेकाने जावे आणि पलीकडे पोहोचलेल्याने पुढच्यासाठी थांबावे. कोणाचा पाय रुतलाच तर ओढाताण करू नये; मागे रेलून वजन पसरवावे आणि पाय हळूहळू हलवत मोकळा करावा. बूट आतच राहिला तर हाताने शोधून काढता येतो, एकदा आम्ही काढलेलाही आहे, मात्र तो शोधताना हसणाऱ्यांची मदत होत नाही.

जिथे दगडी फरश्या टाकलेल्या आहेत तिथे त्यांवरूनच चालावे. १९६५ मध्ये सुरू झालेल्या पेनाइन वे या वाटेवर माणसांच्या पायांनी पीटची इतकी झीज झाली, की जुन्या बंद पडलेल्या गिरण्यांच्या फरश्या आणून तिथे अंथराव्या लागल्या. ओल्या फरशीवर पाय घसरतो, म्हणून बाजूने चालण्याचा मोह होतो, पण बाजूने चालल्यानेच वाट रुंद होत जाते. शेकोटी आणि बार्बेक्यू यांना पीटवर अजिबात थारा देऊ नये. जून २०१८ मध्ये सॅडलवर्थ मूरवर लागलेली आग विझवण्यासाठी लष्कर बोलवावे लागले होते. पेटलेले पीट जमिनीखाली धुमसत राहते आणि वरून विझल्यासारखे दिसते.

धुक्यात

धुके येताना दिसले की ते पोहोचण्याआधी थांबून नकाशावर आपली जागा नक्की करावी. एकदा त्यात शिरल्यावर "मघाशी आपण साधारण इथे होतो" या साधारणला अर्थ राहत नाही. फोनवरचा नकाशा अवश्य वापरावा, पण थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, म्हणून कागदी नकाशा आणि होकायंत्र दोघांजवळ तरी असावे. सध्या ब्रिटनमध्ये नकाशावरची उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला फरक इतका थोडा आहे की लहान टप्प्यांसाठी तो सोडून देता येतो.

कृती अशी. पहिले, पुढचा टप्पा लहान ठेवावा, शक्यतो ५०० मीटरच्या आत, आणि तो ओळखू येईल अशा खुणेवर संपावा: गडग्याचा कोपरा, ओढ्यांचा संगम, ट्रिग पॉइंट म्हणतात तो सर्वेक्षणाचा खांब. दुसरे, होकायंत्रावर दिशा लावल्यावर एका माणसाला त्या दिशेने दिसेनासा होण्याच्या आत पुढे पाठवावे, हाताने डावीउजवीकडे सरकवून रेषेत आणावे आणि मग सर्वांनी त्याच्यापर्यंत जावे. हे संथ वाटते, पण ठोंबांमधून वाट काढताना माणूस नकळत एकाच बाजूला वळत जातो आणि त्यावर हाच उपाय आहे. तिसरे, अंतर पावलांनी मोजावे. सपाट जमिनीवर १०० मीटरला माझी उजवी पावले ६४ भरतात, ठोंबांमध्ये ८० च्या वर जातात; प्रत्येकाने आपला आकडा आधी मोजून ठेवावा आणि गटात दोघांनी स्वतंत्रपणे मोजावे. चौथे, ओढ्यावरचा पूल गाठायचा असेल तर थेट पुलावर नेम धरू नये. मुद्दाम पन्नास-साठ मीटर डावीकडे नेम धरावा, म्हणजे ओढा लागल्यावर पूल उजवीकडेच आहे हे नक्की असते. थेट नेम धरून पूल चुकला तर कोणत्या हाताला वळायचे ते कळत नाही.

या सगळ्या वेळात गट एकमेकांच्या हाकेच्या अंतरात नव्हे, नजरेच्या अंतरात असायला हवा. दर दहा मिनिटांनी मागून पुढे आकडे म्हणत यावे. ज्याला पुढचा माणूस दिसेनासा झाला त्याने लगेच ओरडायचे, आणि कोणी दिसत नसेल तर आहे तिथेच बसून शिट्टी वाजवायची. शोधायला जाणाऱ्यांनीही जोडीनेच जावे, बाकीच्यांनी जागा सोडू नये.

जनावरे, गोचीड आणि अपघात

वासरे असलेल्या गाईंच्या कळपातून जाऊ नये. गट एकत्र ठेवून दुरून वळसा घालावा, आणि कुत्रा बरोबर असताना गाय अंगावर आली तर त्याचा पट्टा सोडून द्यावा. एक्समूरवर सप्टेंबरअखेरीपासून लाल हरणांचा माजाचा काळ असतो, तेव्हा नरांपासून लांब राहावे. ॲडर हा ब्रिटनमधला एकमेव विषारी वन्य साप सप्टेंबरच्या उन्हात दगडांवर पडलेला दिसतो. त्याला डिवचले नाही तर तो निघून जातो. त्याच्यापेक्षा गोचीड जास्त त्रासदायक असते, आणि तिची तपासणी चाल संपल्यावर करायची असते.

अपघात झाला तर आधी सर्वांना थांबवून जखमी माणसाला वाऱ्यापासून आडोसा द्यावा. ग्रुप शेल्टर इथेच खरे उपयोगी पडते. मदतीसाठी ९९९ किंवा ११२ वर फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागावे, आणि नकाशावरचा ग्रिड संदर्भ (चौकटींवरून काढलेला जागेचा क्रमांक), माणसांची संख्या व दुखापत सांगावी. हे पथक स्वयंसेवकांचे असते आणि मदतीचे पैसे घेत नाही. संपर्क कमकुवत असेल तर ९९९ वर लघुसंदेशही पाठवता येतो, पण त्यासाठी फोनची नोंदणी आधी करावी लागते. ती हंगामाच्या सुरुवातीलाच सर्वांकडून करून घ्यावी. फोन लागतच नसेल तर एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, असे करत राहावे. अंधारात हीच खूण टॉर्चने द्यावी.

खाली आल्यावर

वाहनतळावर शेवटची मोजणी करावी आणि आकडा सकाळच्या आकड्याशी जुळल्याशिवाय कोणाला निघू देऊ नये. ज्या माणसाजवळ वाट आणि परतीची वेळ देऊन ठेवली होती त्याला पोहोचल्याचे कळवावे. ही खबर द्यायला विसरल्यामुळे आमच्यासाठी एकदा शोध सुरू होण्याच्या बेतात होता.

घरी गेल्यावर काखा, गुडघ्यांच्या मागची बाजू, कंबर आणि केसांची कड नीट पाहावी. गोचीड चिकटलेली असेल तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तेल लावणे किंवा चटका देणे टाळावे. चावल्याची तारीख लिहून ठेवावी, कारण लाइम रोगातला पसरत जाणारा लाल चट्टा कधीकधी काही आठवड्यांनी दिसतो, आणि तो दिसला तर तारखेसह डॉक्टरांकडे जावे. बूट हीटरवर न ठेवता कागद कोंबून सावलीत वाळवावेत. मग वहीत प्रत्येक टप्प्याचा आखलेला आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ, ओढ्याचे पाणी, ब्रॅकनने बुजलेली वाट आणि रांग कुठे तुटली ती जागा लिहावी. पंधरा दिवसांनी त्याच मूरवर जायचे असेल तर शेवटच्या रकान्यात सूर्यास्ताची नवी वेळ लिहून मगच वही मिटावी.